ड्रीम टीम, चार पाट आणि माझी मिशी

बेसबॉल ह्या विषयातला कार्डिफमधला सर्वांत जाणकार मराठी माणूस मी आहे, हे माझं मत झाल्या प्रकारानंतरही बदललेलं नाही.

(कार्डिफमध्ये तेव्हा मराठी माणसं होती तरी किती, असं आमची वसुधा विचारते. तो मुद्दा गौण आहे.)

हे ज्ञान मी मैदानावर नाही, सोफ्यावर बसून मिळवलं. ऐंशीच्या दशकात मी इथल्या एका हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर होतो. दिवसभर लोकांना झोपवायचं आणि घरी येऊन आपण टीव्हीसमोर बसायचं! आमच्या कोपऱ्यावर व्हिडिओचं दुकान होतं. मारामारीच्या, भुताखेतांच्या कॅसेट्स लोक शुक्रवारी दुपारीच उचलून न्यायचे. मी ड्युटी आटोपून पोचेपर्यंत खालच्या फळीवर उरायचे ते फक्त अमेरिकन बेसबॉलचे सिनेमे. त्यांना वेल्समध्ये गिऱ्हाईकच नव्हतं. मी एक नेला, मग दुसरा नेला, आणि बघता बघता अख्खी फळी संपवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मला दारात पाहिलं की दुकानदार काही न विचारता कॅसेट काउंटरवर ठेवायचा.

आता, बेसबॉल नावाचा एक खेळ खुद्द कार्डिफमध्येही आहे. इथल्या पार्कमध्ये उन्हाळ्यात तो खेळतात. पण त्यात बोलर चेंडू खालून टाकतो आणि सगळं कसं घरगुती असतं. आमचा शेजारी ग्विन तरुणपणापासून तो खेळत आलेला. "हे खरं बेसबॉल नव्हे," असं मी त्याला कुंपणावरून एकदा समजावून सांगितलं होतं. तो टोमॅटोच्या रोपांना पाणी घालायला निघून गेला.

माझं पाहून घरातले सगळेच ते सिनेमे पाहू लागले. म्हणजे वसुधा, आमची केतकी (वय वर्षं अकरा, जन्म कार्डिफ, मराठी चालू पण लिंग-वचन देवाच्या भरवशावर), आणि सुट्टीत मँचेस्टरहून आला की वसुधाचा धाकटा भाऊ शिरीष. अमेरिकनांचे उच्चार आम्हाला धड कळत नसत. त्यामुळे आम्ही त्यातल्या खेळाडूंना आपली मराठी नावं दिली. एक होते 'गुरुजी'. गावच्या शाळेत गणित शिकवणारा पिचर, म्हणजे आपला बोलर. खांदा पार कामातून गेलेला, पण शेवटच्या सामन्यात असा चेंडू टाकतो की समोरचा बॅट टाकून रडतो! एक होता 'बिचारा'. हा कॅचर, म्हणजे विकेटकीपर. बायको सोडून गेल्याच्या दुःखात त्याच्या हातून एक म्हणून झेल सुटत नाही. आणि सगळ्यांचा मुकुटमणी 'गवळी'! दुधाची गाडी चालवणारा साधा पोरगा, पण मारला की चेंडू थेट नदीपलीकडे.

शिरीष मँचेस्टरला एका कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. मानेवर रुळणारे केस, आणि त्या केसांबद्दल प्रचंड अभिमान. दर रविवारी त्याचा फोन यायचा. बहिणीची चौकशी दोन वाक्यांत उरकायची आणि मग, "भाऊजींना दे." कारण आम्हा दोघांचा एक उद्योग चालला होता: सगळ्या सिनेमांतले खेळाडू वाटून घेऊन आपापली ड्रीम टीम निवडायची.

"भाऊजी, पहिली निवड माझी. गवळी!"

"गवळी माझा आहे."

"असं कुठे ठरलंय?"

"अरे, तो सिनेमा तुला दाखवला कुणी? माझ्या सोफ्यावर, माझ्या घरचे पोहे खात पाहिलास ना? मग गवळी माझा!"

"पोहे ताईनं केले होते."

"ताई कुणाची बायको?"

"अहो," स्वयंपाकघरातून वसुधा ओरडली, "दुधाचं काय झालंय? दूधवाला तर सकाळी येऊन गेला!"

गवळी शेवटी मलाच मिळाला. गुरुजी आणि बिचारासुद्धा. शिरीषनं त्याच्या टीममध्ये 'तिघे भाऊ' घेतले. हे तिघं तुरुंगातून पळून आलेले आणि त्यामुळे धावायला फार चपळ. आता प्रश्न आला की ह्या दोन टीम्समध्ये जिंकेल कोण? आठवडेच्या आठवडे आम्ही भांडलो. फोनचं बिल आलं की वसुधा ते फ्रिजवर माझ्या डोळ्यांसमोर चिकटवायची.

"भाऊजी, तुमची टीम म्हणजे नुसतं हॉस्पिटल आहे. एकाचा खांदा गेलाय, एकाची बायको गेलीय!"

"तुला बेसबॉल कळत नाही, शिरीष. जो मोडलेला असतो तोच जिंकतो. एक तरी सिनेमा दाखव ज्यात धडधाकट टीम जिंकली!"

ह्यावर त्यानं फोन बहिणीला द्यायला सांगितला. तुमच्याकडे तरी आहे का उत्तर? नाहीच असणार.

तिढा सोडवला तो केतकीनं. ती म्हणाली, "बाबा, रिअल माणसांना त्यांची पार्ट द्या ना. मंडळाचा नाटकात देतात तसा." पोरीचं व्याकरण सोडा, पण डोकं पाहा! आमच्या मराठी मंडळात दरवर्षी नाटक व्हायचं, आणि त्यात कुणी कसा आहे ते पाहूनच त्याला भूमिका मिळायची. दर उन्हाळ्यात आमच्या आणि मँचेस्टरच्या मंडळाचा एकत्र क्रीडामेळावाही व्हायचा. त्यात दरवर्षी क्रिकेट असे आणि दरवर्षी आम्ही हरत असू. यंदा क्रिकेटऐवजी बेसबॉल ठेवायचं, आणि दोन्ही टीम्स आमच्या ड्रीम टीमबरहुकूम माणसं शोधून उभ्या करायच्या, असं ठरलं.

"पैज लावता, भाऊजी?" शिरीष म्हणाला.

"लाव की!"

"तुमची मिशी."

माझा हात आपोआप मिशीवर गेला. माझी मिशी ही नुसती मिशी नव्हती हो. मेडिकलच्या पहिल्या वर्षाला असताना मी ती राखली होती. मी वसुधाला बघायला गेलो तेव्हा तिच्या आईनं मुलगा कसा वाटला म्हणून विचारलं, त्यावर वसुधा एवढंच म्हणाली होती, "मिशी बरी आहे." आमचा संसार त्या तीन शब्दांवर उभा होता! मिशीखालचा माझा ओठ वसुधानं कधी पाहिला नव्हता, केतकीनं पाहायचा प्रश्नच नव्हता, आणि तो कसा दिसतो हे मलाही आठवत नव्हतं.

"चालेल," मी म्हणालो. "आणि तू हरलास तर तुझा चकोट!"

"डन!"

फोन ठेवून वळलो तर दारात वसुधा आणि केतकी दोघी उभ्या.

"अहो, तुम्ही आयुष्यात कधी बेसबॉल खेळलायत का?" वसुधानं विचारलं.

"पाहिलंय."

"मी ऑपरेशनं पाहिलीत टीव्हीवर. करू का एखादं?"

अशा बोलण्याकडे कर्णधारानं लक्ष द्यायचं नसतं. मी टीम जमवायला लागलो.

गुरुजींच्या भूमिकेसाठी डॉक्टर गोखले म्हणजे देवानंच पाठवलेला माणूस! आमच्याहून वयानं मोठे, मंडळाचे अध्यक्ष, हाडांचे डॉक्टर, आणि स्वतःचाच उजवा खांदा आखडलेला. हात वर केला की त्यांच्या तोंडून आपोआप "आई गं" निघायचं. मी त्यांच्या घरी जाऊन हात जोडले.

"गोखलेसाहेब, एकच विनंती आहे. सामन्यापर्यंत खांद्यावर उपचार करू नका."

"काय?"

"दुखला पाहिजे. दुखल्याशिवाय शेवटचा चेंडू पडत नाही."

गोखलेसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग आत हाक मारून चहा जरा कडक करायला सांगितला. मला वाटलं पटलं त्यांना.

'बिचारा' मिळवणं अवघड होतं. बायको सोडून गेलेला माणूस आमच्या मंडळात एकही नव्हता. (सगळ्याजणी वैतागलेल्या होत्या, पण होत्या जागेवरच.) शेवटी मी माझ्या मित्राला, बापटला पकडलं. बापटवहिनींची बहीण लंडनजवळ पिनरला राहायची. मी वहिनींना म्हटलं, "वहिनी, तुम्ही कधीपासून बहिणीकडे जायचं म्हणताय. जा की सामन्यापर्यंत! बापटला जरा विरह होऊ दे. मंडळासाठी एवढं करा."

वहिनींनी मी वाक्य पुरं करायच्या आत बॅग काढली. इथं मला पहिली शंका यायला हवी होती.

आठवड्यानं बापटकडे गेलो. म्हटलं, दुःख कितपत मुरलंय पाहावं. बापट बागेत खुर्ची टाकून, पायावर पाय टाकून बसला होता. शेजारी बिअर. तोंडानं शीळ! गालांवर तकाकी आलेली.

"अव्या," तो म्हणाला, "लग्नानंतर पहिल्यांदा मी टीव्हीचा रिमोट हातात धरला रे!"

"बापट, दुःखी हो! सामना आलाय!"

"होतो की. सामन्याच्या दिवशी ती परत येणार आहे ना, तेव्हा होतो."

बाकीची टीमही मी अशीच वेचून वेचून घेतली. कुणाची कंबर धरलेली, कुणाला चष्म्याशिवाय समोरचं दिसत नाही, कुणाचं प्रमोशन हुकलेलं. एक-दोघं धडधाकट खेळाडू आपणहून आले होते, त्यांना मी नम्रपणे परत पाठवलं. आणि गवळी? गवळी अर्थातच मी! कॉलेजच्या क्रिकेट टीममध्ये मी अकराव्या नंबरला जात असे. म्हणजे माझी फलंदाजी कुणाला कधी पुरती पाहायलाच मिळाली नव्हती.

मग आमच्या लाउंजमध्ये वर्ग सुरू झाले. मी जमिनीवर रांगोळीनं चौकोन काढून नियम समजावले. हे घर. इथं उभं राहून मारायचं. मग हा पहिला बेस, हा दुसरा, हा तिसरा, आणि गोल फिरून परत घरी आलात की एक धाव. "बेसवर पाय लागलाच पाहिजे!" हे तर मी इतकं घोकून घेतलं की बापट वैतागून म्हणाला, "अरे, आम्ही डॉक्टर-इंजिनियर आहोत, गोल फिरता येतं आम्हाला!" केतकी सोफ्याच्या हातावर बसून सगळं ऐकत होती. मलाच माझा अभिमान वाटत होता.

सामन्याचा दिवस उजाडला. ऊन पडलेलं. (कार्डिफमध्ये! हाही मला शुभशकुनच वाटला.) अंपायर म्हणून ग्विनला बोलावलं होतं. तो घडीची खुर्ची आणि सँडविचं घेऊन आला होता. मँचेस्टरची मिनीबस आली आणि तिच्यातून शिरीष उतरला. केस वाऱ्यावर. त्याच्यामागून तीन उंच, काटक पोरं उतरली आणि उतरल्या उतरल्या पळायला लागली.

"हे कोण?" मी विचारलं.

"तिघे भाऊ."

"अरे, हे युनिव्हर्सिटीतले विद्यार्थी आहेत!"

"पण परीक्षा संपवून सुटलेत ना! तुरुंगातूनच की ते." शिरीष म्हणाला आणि बॅगेतून त्यानं एक छोटी पिशवी काढून मला दाखवली. आत नवा कोरा रेझर आणि फेसाची ट्यूब. "मँचेस्टरहून आणलंय, भाऊजी. तुमची पंचाईत नको."

मी मिशीवरून हात फिरवला आणि हसलो. बेसबॉल न कळणाऱ्या माणसाशी काय बोलायचं?

आता बेस म्हणून ठेवायचं काय, हा प्रश्न निघाला. ते काही मी आणलं नव्हतं. (सिनेमात ते मैदानावर आधीच असतात.) मंडळाच्या सामानात सत्यनारायणाच्या पूजेचे चार पाट होते, ते मी ठेवले. आणि इथून आमच्या टीमची वाताहत सुरू झाली. पहिल्याच खेळाडूनं बरा फटका मारला, धावत पहिल्या बेसपाशी गेला आणि थबकला.

"पाय ठेवा! पाय ठेवा!" मी ओरडलो.

"पाटावर? पूजेच्या?"

"अहो, बेस आहे तो!"

तोवर चेंडू आला आणि ते बाद. दुसऱ्यानं खाली वाकून पाटाला हात लावला, तो हात कपाळाला लावला, आणि तोही बाद. तिसरे स्वतः गोखलेसाहेब. ते पाटापाशी थांबून बुटाच्या नाड्या सोडायला लागले! मँचेस्टरवाल्यांना काही वाटत नव्हतं. तिघे भाऊ आपले धडाधड पाट तुडवत पळत होते. ग्विननं सँडविच खाली ठेवलं आणि मला विचारलं, "डॉक्टर, हे त्या खऱ्या बेसबॉलमधलं आहे का?"

मी डगमगलो नाही. कारण आम्ही हरत होतो! हरत होतो म्हणजे सगळं रीतसर चाललं होतं. सिनेमात ह्या वेळेला टीम हरतच असते. मी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "काळजी करू नका, शेवटपर्यंत मागेच राहायचंय आपल्याला." प्रमोशन हुकलेले गृहस्थ म्हणाले, "ते जमेल."

गोखलेसाहेब मात्र चेंडू झकास टाकत होते. "आई गं" नाही, काही नाही. मला संशय आला.

"साहेब, खांदा दुखतोय ना?"

"छे! कालच इंजेक्शन घेतलं. एकदम मोकळा झालाय बघ!" आणि त्यांनी हात गोल फिरवून दाखवला.

गुरुजी बरे झाले होते! हे कुठल्याच सिनेमात होत नाही. तेवढ्यात पिनरहून बापटवहिनी आल्या. मैदानाच्या कडेनं त्यांनी "अहोऽऽ!" अशी हाक मारली, आणि बापटच्या हातात आलेला झेल सुटून पायावर पडला. त्याचा चेहरा पाहून मला जरा धीर आला. विरह जमला नव्हता, पण दुःख आता अस्सल होतं.

आणि काय सांगू, खरोखरच सिनेमासारखं झालं! शेवटच्या डावात आम्ही एका धावेनं मागे. एकच विकेट शिल्लक. बापटच्या पोटावर चेंडू बसला म्हणून ग्विननं त्याला फुकटात पहिल्या बेसवर पाठवलेलं. (तो बिचारा पाटाच्या कडेवर एका बोटापुरता पाय टेकून, मनातल्या मनात क्षमा मागत उभा होता.) आणि बॅट घेऊन आत कोण आलं? गवळी! बापट गोल फिरून आला असता तर बरोबरी, आणि मी आलो असतो तर विजय. केतकी पुढे येऊन बसली होती. वसुधानंही हातातला डबा खाली ठेवला होता. शिरीष केसांतून हात फिरवत होता, बहुधा शेवटचा.

चेंडू आला. मी डोळे मिटले आणि बॅट फिरवली.

ठॉक्!

डोळे उघडले तर चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून, झाडांच्या वरून, पार मैदानाच्या टोकाच्या काटेरी झुडपात! तिघे भाऊ तिकडे धावले आणि काट्यांत शिरून "आऽ, ऊऽ" करायला लागले. चेंडू काही सापडेना. कार्डिफ मंडळ उभं राहून नाचायला लागलं. आणि मी धावत सुटलो.

"येऽऽस!" मी बापटला ओरडलो.

"येऽऽस!" बापट मला ओरडला आणि माझ्या दिशेनं धावत निघाला.

आम्ही अर्ध्या वाटेत एकमेकांना ओलांडलं. मी पहिल्या बेसवर पोचलो, पाटाला बॅट टेकवली, वळलो. समोर घराच्या पाटाला हात लावून बापट वळलेला.

"टू! टू आहे!" मी ओरडलो.

"कम ऑन, अव्या!"

पुन्हा ओलांडलं. मी घरी, तो पहिल्यावर. काय आमचा ताळमेळ! काय कॉलिंग! कॉलेजात असं धावलो असतो तर अकराव्या नंबरला गेलो नसतो. "तीऽन!" सगळं मंडळ टाळ्यांच्या तालावर मोजायला लागलं. गोखलेसाहेब नवा खांदा गरगरा फिरवत होते. आणि मँचेस्टर? ते काय शहाणे होते? शिरीष स्वतः मैदानाच्या मध्यावर उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडत होता, "अरे, कीपरकडे फेका! कीपरकडे! चौथी घेतायत ते!"

ह्या सगळ्या कल्लोळात एकच बारीक आवाज वेगळा येत होता. "बाबा, गोल! गोल जा! बाबाऽऽ, तो क्रिकेट आहे!" मला वाटलं पोरगी आनंदानं वेडी झालीय. मी धावता धावता तिला हात केला.

चार पुऱ्या करून मी घराच्या पाटावर उभा राहिलो, बॅट आभाळाकडे उंचावली आणि हेल्मेट काढल्यासारखं केलं. (हेल्मेट नव्हतं.) हव्या होत्या दोन, मी चार काढल्या होत्या! मग माझ्या लक्षात आलं, की ग्विन खुर्चीत नाही. तो खुर्चीशेजारी गवतावर बसला होता आणि पोट धरून हलत होता. मला वाटलं हार्ट अटॅक. मी डॉक्टरच्या भूमिकेत त्याच्याकडे धावलो.

"डॉक्टर," तो डोळे पुसत म्हणाला, "मी जन्मभर ह्या पार्कमध्ये खेळलो. पण दुसरा आणि तिसरा बेस इतका एकटा पडलेला कधी पाहिला नाही."

मी वळून पाहिलं. लांब, गवतात, ते दोन पाट तसेच उन्हात पडले होते. कुणाचा पाय नाही, हात नाही.

टाळ्या हळूहळू थांबल्या. मग कुणीतरी म्हणालं, "अरेच्चा!" मग दुसरं कुणीतरी म्हणालं, "अरे हो की!" आणि शेवटी शिरीषच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो पिशवी आणायला मिनीबसकडे पळाला. ग्विननं आम्हाला दोघांनाही बाद दिलं. एकाला दिलं असतं तरी सामना संपला असता, पण तो म्हणाला, कुणावर अन्याय नको.

मिशी तिथंच, मंडळाच्या समोर, घडीच्या खुर्चीत उतरली. उतरवली गोखलेसाहेबांनी. "खांदा बघ किती हलका चाललाय," असं मला दोनदा सांगत. बापट माझा हात धरून उभा होता. शेवटी त्याच्या चेहऱ्यावर मला हवं होतं तसं दुःख पाहायला मिळालं. झालं, तसं गोखलेसाहेब बाजूला झाले. वसुधा समोर आली. तिनं मला आधी डावीकडून, मग उजवीकडून न्याहाळलं.

"काय?" मी विचारलं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तुम्ही हुबेहूब सासूबाई दिसताय."

त्यानंतर मिशी पुन्हा येईपर्यंत ती माझ्यासमोर बसताना पदर नीट करायची आणि माझ्याशी वाद घालत नसे. तेवढा एक फायदा झाला.

पण खरं सांगतो, त्या दुपारी मला फार वाईट वाटलं. मिशीचं नव्हे, ती काय, परत येते. केतकीचं वाटलं. तिच्यासमोर इतके आठवडे मी रांगोळ्या काढून काढून शिकवत होतो, आणि ती समोर बसलेली असताना मी... जाऊ दे. मी झाडाखाली एकटाच बसलो होतो. ती आली. आधी हसून हसून तिचे डोळे लाल झाले होते. माझा चेहरा पाहून पुन्हा हसू आलं, ते तिनं दाबलं आणि शेजारी बसली.

"बाबा."

"हं."

"पण हिट मस्त होता. गवळीसारखी होता."

मला भरून आलं. ओठ थरथरला आणि लपवायला मिशी नव्हती!

पुढे वर्षं गेली. नव्वदचं दशक अर्धंअधिक सरलं. केतकी शिकायला मँचेस्टरला गेली, ती मामाच्याच गावी. शिरीषचे केस पैज न हरताच गेले. (देव असतो.) एका दिवाळीला आम्ही सगळे त्याच्याकडे जमलो होतो. फराळ झाला, आणि केतकीनं आणि शिरीषनं तो जुना खेळ पुन्हा काढला. नव्यानं ड्रीम टीम निवडायची. दरम्यान आणखी कितीतरी बेसबॉलचे सिनेमे येऊन गेले होते. मी खुर्ची पुढे ओढली. तज्ज्ञ म्हणून माझी गरज लागणार, हे उघड होतं.

"पहिली निवड माझा," केतकी म्हणाली. "मी बाबांना घेते."

"थांब थांब!" मीच म्हणालो. "नियम म्हणजे नियम. फक्त काल्पनिक खेळाडू चालतात. शिरीष, सांग तिला!"

शिरीष चकली खात होता. कायद्याचा कीस काढणारा हा माणूस, गवळ्यासाठी आठवडेच्या आठवडे माझ्याशी भांडलेला! त्यानं शांतपणे चकली संपवली.

"माझी हरकत नाही," तो म्हणाला. "भाऊजींचं बेसबॉल पूर्णपणे काल्पनिकच आहे."

वसुधा हसली, केतकी हसली, सगळं घर हसलं. मी मनावर घेतलं नाही. गुरुजी, बिचारा, गवळी अशा दिग्गजांना मागे सारून पहिली निवड माझी झाली होती, हे काय थोडं आहे? मी मिशीला पीळ दिला आणि लेकीला विचारलं, "मग, कप्तान, मला कुठे उभं करणार?"

"फर्स्ट बेसवर, बाबा," केतकी म्हणाली. "त्याच्या पुढची रस्ता तुम्हाला कुठे माहीत आहे?"